कौटुंबिक टप्पा

पोहण्याच्या तलावावर त्या सकाळी जे झालं ते सांगायला गेलं तर काहीच नव्हतं. गळ्यात शिट्टी अडकवलेल्या शिक्षिकेनं मुलांना उथळ भागाच्या काठावर ओळीनं बसवलं होतं आणि एकेकाला हाताला धरून ती पाण्यात उतरवत होती. मुंगीची पाळी आली. मुंगी उठली, टॉवेल अंगाभोवती नीट गुंडाळून घेतला आणि म्हणाली, “आमच्याकडे पाण्यात जात नाहीत.” रडली नाही, हटून बसली नाही. एखाद्या घरी चहात साखर घालत नाहीत, एखाद्या घरी दुपारी मोठ्यानं बोलत नाहीत, तसं आमच्याकडे हे नाही, असा तिचा सूर होता. त्यात थोडा घराण्याचा अभिमानसुद्धा असावा. शिक्षिकेला हसू आलं. बाकावर बसलेले पालकही हसले आणि त्यांच्यात बसलेली मुंगीची आईही सवयीनं हसली. मग तिचं हसू मध्येच कुठेतरी अडकलं. कारण तिच्या लक्षात आलं, की इथे आल्यापासून आपण बाकाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलो आहोत. बाक सिमेंटचा होता, जमिनीत पक्का रोवलेला. तो कुठेही जाणार नव्हता. तिनं हात सोडले तेव्हा तळव्यांवर कडेची लाल रेघ उमटली होती.

परतताना मुंगी फरशांच्या सांध्यांवर पाय न देता पुढे चालत होती. या चालण्यामुळेच तिचं नाव मुंगी पडलं होतं. वाटेत काही आडवं आलं की ती ते ओलांडायची नाही. त्याला वळसा घालून पुन्हा आपल्या रेषेवर यायची. आजवर तिच्या आईला या वळशांचं कौतुक वाटायचं, आज ते बघवेना. पोरीच्या डोक्यात हे कुणी घातलं? आपण तर कधी बोललो नाही, असं ती स्वतःला बजावत होती आणि बजावता बजावताच एकेक गोष्ट आठवत होती. न्हाणीघराची कडी आतून लावू दिली नव्हती. समुद्रावर गेलो तेव्हा वाळूत सतरंजी इतकी मागे अंथरली होती, की समुद्र नुसता ऐकू यायचा. एकदा बागेतल्या कारंज्यापाशी मुंगी वाकली तेव्हा मागून तिच्या फ्रॉकचं टोक आपल्या मुठीत होतं; मुंगीला ते कळलं असेल असं वाटलं नव्हतं. पण पोरांना पाठीला डोळे असतात. फ्रॉकला किती ओढ बसते त्यावरून पाणी काय आहे ते त्यांना कळत असणार.

आणि फ्रॉकचं टोक धरण्याची ती तऱ्हा तरी तिची स्वतःची कुठे होती. ती शाळेत असताना वर्गाची सहल एका मोठ्या तळ्यावर गेली होती. सगळ्या मुली घोट्याएवढ्या पाण्यात किंचाळत होत्या, एकमेकींवर ओंजळी फेकत होत्या आणि आईनं निघताना बाईंना निक्षून सांगितलं होतं म्हणून बाईंनी तिला काठावर बसवलं. मोकळी बसून तिला वाईट वाटू नये म्हणून काम दिलं: चपला सांभाळ. ती दुपारभर चपला सांभाळत बसली. ऊन चढत गेलं तशा चपला तापत गेल्या. प्रत्येकीच्या आत त्या त्या मुलीच्या पावलाचा काळपट ठसा होता, टाचेचा खोल, अंगठ्याचा गोल. तिनं त्या जोडीजोडीनं लावल्या, मग आकारानं लावल्या, मग रंगानं. मुली ओल्या पायांनी परत आल्या आणि म्हणाल्या, किती छान लावल्यास गं! त्या शाबासकीचा आनंद तिला झाला होता, खरा आनंद, हे आठवून आता रस्त्याच्या मधोमध तिला कानशिलं गरम झाल्यासारखं वाटलं.

छपाईच्या कारखान्यात तिचं काम होतं औषधांच्या खोक्यात घालायचे कागद तपासण्याचं. गोळ्यांच्या पाकिटाबरोबर पातळ, घड्या घातलेला, कुणीही न वाचणारा जो कागद असतो, तो ती वाचायची. टेबलावर भिंग बसवलेला दिवा होता, त्याखाली कागद सरकवत अक्षर अन् अक्षर. एक टिंब इकडचं तिकडे झालं तर औषधाची मात्रा दसपट व्हायची, म्हणून तिची नजर टिंबांवर पोसली होती. कारखान्यात तिला भिंगवाली म्हणत, आणि ती या नावावर खूष होती. चक्कर येऊ शकते. डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. श्वास घेण्यास त्रास होऊ शकतो. क्वचित प्रसंगी. हे सगळं रोज वाचून वाचून तिला जगात जे जे होऊ शकतं ते सगळं तोंडपाठ होतं आणि जे होत नाही त्याचा कुठे कागद छापला जात नाही, हेही माहीत होतं. त्या सोमवारी मात्र तिची नजर एकाच ओळीवरून पुनःपुन्हा घसरू लागली. आमच्याकडे. आमच्याकडे म्हणजे कुणाकडे? मुंगीला एकटीला तलावात ढकलून हे सुटणार नव्हतं. मुंगी बरोबर बोलली होती. चूक मुंगीच्या वाक्यात नव्हती, घरात होती. तेव्हा दुरुस्ती करायची तर सगळ्या घराचीच करावी लागणार.

बसथांब्यावर ती जाहिरात कितीतरी दिवस होती, पण तिनं ती वाचली त्या संध्याकाळी. फुगवलेल्या रबरी नावेत, म्हणजे राफ्टमध्ये, एक कुटुंब बसलं होतं; पिवळी हेल्मेटं, हातात वल्ही आणि सगळ्यांची तोंडं वासलेली. ती हसत होती की किंचाळत होती ते काही केल्या कळेना. खाली लिहिलं होतं: लहान मुलं व वडीलधाऱ्यांसाठी खास कौटुंबिक टप्पा, संपूर्ण सुरक्षीत. तिची नजर ‘सुरक्षीत’च्या दीर्घ वेलांटीवर जाऊन आदळली. ज्यांना सुरक्षित हा शब्द धड लिहिता येत नाही त्यांच्या हाती जीव द्यायचा? बस आली. बस गेली. ती तिथेच उभी होती. मग तिनं फोन लावला.

“बोला,” पलीकडून आवाज आला. मागे कशाचा तरी सतत घोष चालू होता.

“तुमच्या जाहिरातीत सुरक्षित चुकलंय,” ती म्हणाली. “ऱ्हस्व पाहिजे.”

मग तो माणूस मोकळेपणानं हसला. “छापणाऱ्याला सांगतो, ताई. नदीला नाही ना काही चुकलेलं?”

“ते विचारायलाच फोन केलाय.”

आणि तिनं विचारलं. किती खोल, किती वेग, दगड कुठे, वळणं कशी, राफ्ट उलटते का, उलटली तर माणसं कुठल्या बाजूला पडतात, पडली तर काय करायचं, हेल्मेटाचा पट्टा हनुवटीखाली किती घट्ट, म्हाताऱ्या माणसाचे गुडघे दुमडत नसले तर. राफ्टवाला उत्तरं देत गेला. पडलात तर उभं राहायचं नाही, पाठीवर पडायचं, पाय प्रवाहाच्या दिशेनं पुढे. जॅकेट खांद्यापाशी धरून वर ओढून बघायचं, कानापर्यंत सरकलं तर सैल आहे. वल्ह्याच्या मुठीवरून हात सोडायचा नाही, नाहीतर ती शेजारच्याचे दात पाडते. पाण्यापेक्षा दातांचीच प्रकरणं जास्त होतात. “ताई, तुम्ही विमा कंपनीच्या का?” त्यानं शेवटी विचारलं. “नाही,” ती म्हणाली, “मी घाबरट आहे.” हा शब्द तिनं आजवर कुणाजवळ उच्चारला नव्हता. रस्त्यावर, गाड्यांच्या आवाजात, ज्याचं तोंडही पाहिलं नाही अशा माणसाला तो सांगून टाकला आणि एकदम हलकं वाटलं, जणू जड पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

घरी तिनं जेवताना सांगितलं. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. आयुष्यभर त्यानं नद्या निळ्या खडूनं काढल्या होत्या, उगमापासून मुखापर्यंत, एकदाही ओला न होता. तो घास हातात धरून म्हणाला, “राफ्टिंग? आपण?”

“आपण. आणि आई.”

“तुझी आई?” त्यानं घास खाली ठेवला. “अगं, ती बादलीत वाकून बघत नाही.”

“म्हणूनच.”

“समुद्रावर जाऊ की. गेल्या वेळी किती छान—”

“गेल्या वेळी समुद्र दिसला का तुला?”

मुंगी दोघांकडे पाहत होती. “राफ्ट म्हणजे काय?” तिनं विचारलं. बापाला अशा वेळी माहिती द्यायला आवडायचं; त्यानं प्रवाह, उतार, खडकांचे थर असं काहीबाही सांगितलं आणि त्याच्या तोंडून ते इतकं शांत, पाठ्यपुस्तकातलं निघालं, की मुंगी म्हणाली, “मग ठीक आहे.” ती ज्या अर्थानं ठीक म्हणाली तो अर्थ आईला पुढे नदीवर कळायचा होता.

त्या आठवड्यापासून ती मोठ्यांच्या वर्गाला तलावावर जाऊ लागली. कारखाना सुटल्यावर, गर्दी ओसरल्यावर. शिट्टीवाली शिक्षिका आता तिच्यापुढे पाण्यात उभी असायची. “तोंड बुडवायचं, आणि नाकानं हवा सोडायची. बस्स. मुलं खेळ म्हणून करतात.” ती काठाचा दांडा धरून उभी राहायची आणि पाणी हनुवटीशी लागलं की तिची मान आपोआप ताठ व्हायची. ही मान आपली नाहीच, असं तिला वाटायचं. कुणीतरी मागून वेणी धरल्यासारखी ती वर ओढली जायची. तिनं ती मोडायचं ठरवलं. रागानं, अगदी शत्रुत्व धरल्यासारखं. पहिल्यांदा तोंड पाण्यात गेलं तेव्हा कानांत गच्च काहीतरी बसलं आणि जग एका झटक्यात बंद झालं. गडगड फक्त स्वतःच्या बुडबुड्यांची आणि गिळलेल्या आवंढ्याचा आवाज, दार लावल्यासारखा मोठा. ती वर आली, खोकली, नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, शेजारी सत्तरीचे एक निवृत्त गृहस्थ बदकासारखे पोहत निघून गेले. “पुन्हा,” ती स्वतःच म्हणाली. शिक्षिकेनं शिट्टी वाजवलीच नव्हती. घरी येऊन ती ओल्या केसांनी स्वयंपाक करायची आणि मुंगी तिच्या केसांचा वास घ्यायची. “औषधाचा वास येतो तुला,” मुंगी म्हणायची. “पाण्याचा आहे,” ती म्हणायची.

मग तिच्या दादाचा फोन आला. आईला सांगण्याआधीच त्याला कळलं होतं. नवऱ्यानं सांगितलं असणार, आपला विरोध दुसऱ्याच्या तोंडून यावा म्हणून. दादा मोठा होता, दुसऱ्या शहरात होता, आणि लांबून काळजी करण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. “तुला काय झालंय? आईचं वय काय, नदी काय! काही झालं तर?”

“तर मी तिथे असेन.”

“हे काय उत्तर झालं?”

“आजवर काही झालं असतं तर कोण असतं, दादा? तू?” बोलल्यावर तिला वाईट वाटलं, पण शब्द परत घ्यावेसे वाटले नाहीत. दादा म्हणाला, “तुला माहीत आहे ना, आईकडे असं का आहे ते.” आणि फोन ठेवताना त्याचा आवाज खाली गेला, लहानपणी जायचा तसा.

ते ‘असं का’ तिलाही माहीत होतं. म्हणजे लहानपणापासून माहीत होतं, कुणी कधी न सांगता. आईच्या कपाटात, साड्यांच्या खाली, एका तरुणाचा फोटो होता. बाजूला भांग, पांढरा सदरा, किंचित हसू. तो मामा बुडाला, हे तिनं आणि दादानं कधीतरी दुपारी कपाट उघडून ठरवलं होतं, आणि मग ते इतकं खरं झालं, की तिला तो बुडताना दिसायचा. हिरवट पाणी, वर आलेला एक हात, मनगटावर घड्याळ. त्या हातामुळे न्हाणीघराची कडी उघडी राहायची, त्या हातामुळे चपला सांभाळायच्या. आईला विचारायची हिंमत झाली नाही. ज्या घरात असा हात असतो तिथे विचारत नाहीत. वर्षानुवर्षं तिनं आईला माफ केलं होतं ते या हाताखातर. आता मात्र विचारल्याशिवाय आईला नदीवर नेता येणार नव्हतं. तिनं मनाशी वाक्यं जुळवली, मोडली. रविवारी ती आईकडे गेली तेव्हा आई खिडकीपाशी बसून पडद्याच्या दुमडीला टाके घालत होती.

“आई, तो फोटोतला मामा. तो कुठे बुडाला?”

आईनं सुई थांबवली. “कोण मामा?”

“कपाटातला.”

“कपाटातला?” आई उठली, कपाटाशी गेली, साड्या उचकटल्या, फोटो काढला आणि उजेडात धरून लांबून पाहिला. “हा? हा तुझ्या बाबांचा मित्र. हा कशाला बुडतोय! सगळी हयात बँकेत गेली त्याची. आता गुडघे गेलेत. मागच्या महिन्यात फोन आला होता, अर्धा तास गुडघ्यांबद्दलच बोलला.”

“मग फोटो साड्यांखाली का?”

“फ्रेम करायची राहून गेली.”

तिला हसू यायला हवं होतं. पण ते आलं नाही. हिरवं पाणी गेलं, हात गेला, घड्याळ गेलं. तो हात इतकी वर्षं तिच्याजवळ होता, की तो गेल्यावर कुणीतरी खरंच बुडाल्यासारखं वाटलं. “मग बुडालं कोण?” तिनं विचारलं. आवाज तिच्या नकळत चढला होता.

“कुणी नाही.”

“मग तू पाण्याला घाबरतेस कशाला?”

“मी कुठे घाबरते?” आई फोटो परत ठेवत म्हणाली. “माझी आई घाबरायची.”

“आणि ती का घाबरायची?”

“ते तिला कोण विचारणार?” आई पुन्हा खुर्चीत बसली, सुईत दोरा ओवू लागली, तो जाईना. “ती नको म्हणायची, मी गेले नाही. मग तुम्हाला मी नको म्हटलं. आता तू मुंगीला म्हणतेस. त्यात काय एवढं?” मग दोरा बाजूला ठेवून, खिडकीबाहेर बघत ती अगदी सहज म्हणाली, “मला कुणी विचारलंच नाही गं कधी, जायचंय का म्हणून.”

ती आईच्या पायांशी जमिनीवर बसली आणि तिनं विचारलं, नदीवर राफ्टमध्ये येशील का म्हणून. आई आपल्या हातांकडे पाहत राहिली, उलटे करून, सुलटे करून. मग म्हणाली, “डोक्यावर ते हेल्मेट घालतात म्हणे. केसांचं काय होईल?”

तारीख ठरली. नवऱ्यानं गाडीचं काम करून घेतलं, तिनं जुने कपडे, पायांना घट्ट बसणारे बूट, वाळलेले टॉवेल, चष्म्याला बांधायची दोरी, सगळं जमवलं. दादानं फोन करणं बंद केलं होतं, म्हणजे तो रोज फोनकडे बघत असणार. आणि निघायच्या आदल्या दिवशी राफ्टवाल्याचा फोन आला: वरच्या धरणातून पाणी जास्त सोडलंय, हा आठवडा कौटुंबिक टप्पा बंद. ती कारखान्यात होती, भिंगाखाली कागद होता. फोन ठेवल्यावर तिच्या सर्वांगातून काहीतरी उबदार, गोड उतरत गेलं, खांद्यांपासून गुडघ्यांपर्यंत. सुटलो. घरी सांगितलं तर नवऱ्याच्याही चेहऱ्यावर तेच उतरलं, त्यानं चटकन पाठ फिरवली म्हणून ते जास्तच दिसलं. आईला सांगितलं तर आई म्हणाली, “बरं झालं,” आणि पुढे थांबली, “म्हणजे, असं नाही, पण बरं झालं.” परीक्षा पुढे ढकलल्यावर वर्गात होतो तसा तो आनंद घरभर पसरला आणि मुंगी त्या आनंदात गोल गोल फिरत गाणं म्हणू लागली. ते गाणं ऐकताना तिच्या अंगातली गोडी आंबायला लागली. आपल्याकडे सण साजरा होतो तो कशाचा, तर न जाण्याचा. तिनं गॅसवरचं खाली उतरवलं, फोन घेतला आणि राफ्टवाल्याला म्हणाली, “पाणी कधी उतरेल? त्यानंतरचा पहिला रविवार आमचा. दुसऱ्या कुणाला देऊ नका.”

“ताई, बघा, मी फोन करतो पाणी उतरलं की—”

“मी करीन,” ती म्हणाली. “तुम्ही केलात तर मी उचलणार नाही.”

नदी तिनं मनात आणली होती त्यापेक्षा लहान होती आणि आवाज त्यापेक्षा मोठा. काठावर गोल दगड, पाण्याला तपकिरी काच उजेडात धरावी तसा रंग. राफ्टवाला आवाजावरून वाटला होता त्याहून बुटका निघाला, त्यानं तिला बघताच ओळखलं, “ऱ्हस्ववाल्या ताई!” आणि एकेकाची जॅकेटं खांद्यापाशी ओढून पाहिली. शेजारी नवरा-बायकोचं एक जोडपं याच राफ्टसाठी तयार होत होतं. आईचं हेल्मेट तिच्या अंबाड्यावर बसेना. आईनं भर नदीकाठी, परक्यांसमोर, अंबाडा सोडला आणि पांढऱ्या केसांची वेणी घालून ती जॅकेटच्या आत खुपसली. आईची वेणी तिनं कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. मग ती मुंगीकडे वळली, हात पुढे केला. मुंगीनं जॅकेट घातलं होतं, हेल्मेट घातलं होतं. “मी येणार नाही,” मुंगी म्हणाली.

“अगं, ठीक आहे म्हणाली होतीस ना?”

“तुम्ही जाता ते ठीक आहे. मी बघेन.”

तिनं सगळ्याची तयारी केली होती. पडलो तर, उलटलो तर, आई घाबरली तर, पाऊस आला तर. याची केली नव्हती. तिच्या मस्तकात रक्त चढलं. एवढे दिवस, तोंडात पाणी, नाकात पाणी, दादाशी भांडण, आईची वेणी, आणि ज्या पोरीसाठी हे सारं, ती उभी आहे बाजूला, बूटसुद्धा ओले न करता! तिनं मुंगीचं मनगट धरलं. चल. एकदा बस, मग कळेल. उचलून ठेवली असती तर ठेवता आली असती, राफ्टवाल्यानंही डोळे मिचकावून तेच सुचवलं. मुंगी ओढली जात नव्हती आणि विरोधही करत नव्हती. ती नुसती आपल्या मनगटाकडे बघत होती, तिथे आईची बोटं रुतली होती त्या जागेकडे, चोख लक्ष देऊन, जणू काहीतरी शिकून घेत होती. आणि तिच्या आईला समजलं, की ओढून पाण्यात नेणं आणि ओढून पाण्याबाहेर ठेवणं यांत पोरीच्या मनगटाला काही फरक कळणार नाही. तिनं बोटं सोडवली. ती एकेक करून सोडवावी लागली.

“मी थांबतो तिच्यापाशी,” नवरा म्हणाला, जरा जास्तच पटकन. “गाडीनं खाली येतो, तुम्ही उतराल तिथे.” ती त्याच्याकडे पाहून हसली, राग यायला आता जागा उरली नव्हती. मग ती राफ्टमध्ये चढली. मुंगीसाठी जायचं, हे कारण आता काठावर राहिलं होतं. रबरी तळ पायाखाली मऊ हलला, मान ताठ झाली, आणि ती बसली. स्वतःसाठी म्हणून ती याआधी कशात बसली होती ते तिला आठवेना.

राफ्टवाला मागे बसून ओरडत होता, पुढे, पुढे, थांबा. आई तिच्या शेजारी वल्हं दोन्ही हातांनी लाटण्यासारखं धरून बसली होती. मग वळणावर आवाज बदलला, जड झाला, आणि समोर पांढरं उभं राहिलं. कौटुंबिक म्हणे! राफ्टचं नाक खाली गेलं, पाण्याची अख्खी भिंत तिच्या छातीवर, तोंडावर, आत. थंडी दातांपर्यंत पोचली. ती किंचाळली, आणि किंचाळण्यानं हवा बाहेर गेली म्हणून नवी हवा आत आली. उजवीकडे आई ओरडत होती. आई ‘देवा’ म्हणत असेल असं तिला वाटलं. पण आई म्हणत होती, “पुढे! अहो, पुढे! काय बसलात!” आणि हे ती समोरच्या जोडप्यातल्या नवऱ्याला म्हणत होती, ज्यानं वल्हं पोटाशी धरून डोळे मिटले होते. दुसरा उतार आला, तिसरा. पाणी चष्म्यावरून ओघळत होतं आणि काही दिसत नव्हतं. दिसत नव्हतं म्हणून काय काय होऊ शकतं ते वाचताही येत नव्हतं. जे होत होतं तेवढंच होतं. मग नदी रुंदावली, थकल्यासारखी सपाट झाली. भीती गेली नव्हती. ती तिच्या शेजारी बसली होती, तीही भिजली होती.

“झालं?” आईनं विचारलं. तिचा आवाज निराश होता.

वळणापलीकडे काठ दिसला आणि खड्यांवर उभे असलेले दोघं. नवऱ्याच्या दोन्ही हातांत टॉवेल. राफ्टवाल्यानं दोर फेकला. तो नवऱ्याकडे फेकला होता, पण टॉवेलांमुळे त्याला धरता आला नाही, आणि दोर काठापासून जरा आत, पाण्यात पडला आणि सरकू लागला. “धर गं पोरी!” राफ्टवाला ओरडला. “धर, नाहीतर आजी चालली खाली!”

मुंगीनं दोराकडे पाहिलं, राफ्टकडे पाहिलं. आजी खरोखरच चालली होती. राफ्टचं शेपूट प्रवाहात वळायला लागलं होतं. मुंगी पुढे आली, वाकली, दोराचं टोक उचललं आणि ओढलं. राफ्ट येईना, उलट तिलाच ओढू लागली. तिनं पाय रोवायला एक पाऊल टाकलं, मग आणखी एक. बूट बुडाले. पाणी पोटऱ्यांना लागलं, गुडघ्यांना लागलं. तिचं तिकडे लक्षच नव्हतं. तोंड वाकडं करून, दात आवळून ती दोर हाताला गुंडाळत होती, आणि एवढं मोठं धूड आपलं ऐकत नाही याचा तिला भयंकर राग आला होता.

“अगं बाई, तिचे पाय—” आईनं सुरुवात केली.

तिनं आईच्या ओल्या गुडघ्यावर हात ठेवला. आई थांबली. तिच्या स्वतःच्या घशाशी शब्द गोळा झाले होते, सांभाळ, मागे हो, शाब्बास, माझी राणी, सगळे एकदम, एकमेकांना रेटत. तिनं ते गिळले. ते गिळणं नदीत पडण्याहून अवघड होतं, आणि ते तिनं केलं. ओठ मिटून, पोरीकडे टक लावून, एकही शब्द न बोलता. राफ्टचं बूड खड्यांवर खरखरलं आणि थांबलं. मुंगी तरी ओढतच होती.